खांदा बरा कधी होणार?



आज आम्ही एका खांद्याविषयी बोलणार आहोत. तो खांदा आपल्या गावातल्या माणसाचा नाही, देशातल्या माणसाचा नाही, आणि ज्या खेळात तो दुखावला तो खेळही आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. असे असूनही या व्यासपीठावर हा विषय आणण्याचे कारण असे की, त्या खांद्याची हकीकत ऐकताना आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी विचारला गेलेला एक प्रश्न मनात उभा राहतो. घरातल्या माणसावर शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की पहिला प्रश्न येतो : आता पूर्ववत कधी होणार? विचारणारा कधी मायेने विचारतो, कधी गरजेपोटी विचारतो. उत्तर देणारा, मग तो डॉक्टर असो की खुद्द रोगी असो, बहुधा एक तारीख सांगून मोकळा होतो. त्या तारखेचे पुढे काय होते, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बराचसा खेळ हातांनी चालतो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. या प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू दुसऱ्याच्या हाती सोपवायचा, स्वतः घेऊन धावायचे, की तीस-चाळीस यार्डांवर धावणाऱ्या आपल्या गड्याकडे फेकायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. आणि तेवढ्या वेळात सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे धिप्पाड गडी त्याला जमिनीवर लोळवण्यासाठी अंगावर धावून येत असतात. आपल्या क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर कर्णधार, गोलंदाज आणि यष्टिरक्षक यांचे काम एकाच माणसावर टाकावे, तसा हा प्रकार आहे. एका माणसाच्या उजव्या खांद्यावर एका शहराचा हंगाम अवलंबून असतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता या खांद्याची रचना पाहू. आपल्या शरीरातील मोठ्या सांध्यांत खांद्याइतका मोकळा सांधा दुसरा नाही. खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो. मांडीच्या हाडाचे डोके त्यात घट्ट बसलेले असते. खांद्याचे तसे नाही. तेथे दंडाच्या हाडाचे गोल डोके खवाट्याच्या उथळ बशीवर टेकलेले असते. बशी लहान आणि डोके मोठे. म्हणूनच आपण हात वर नेऊ शकतो, पाठीमागे नेऊ शकतो, गोल फिरवू शकतो. आणि म्हणूनच खांदा निखळतोही लवकर. मोकळेपणाची किंमत निसर्गाने अस्थिरतेच्या रूपाने वसूल केली आहे.

ही अस्थिरता आवरण्यासाठी दोन योजना आहेत. बशीच्या काठाभोवती चिवट, कूर्चेसारख्या पदार्थाचे एक कडे असते. त्याला लॅब्रम म्हणतात. डोक्यावर घागर घेणारी बाई घागरीखाली चुंबळ ठेवते, ती ज्या कामासाठी, त्याच कामासाठी हे कडे असते : गोल वस्तू उथळ जागी ठरावी म्हणून. दुसरी योजना म्हणजे खवाट्यापासून निघून दंडाच्या हाडाच्या डोक्याला वेढणारे चार स्नायू व त्यांच्या कंडरा. या वेढ्याला रोटेटर कफ हे नाव आहे. हे चार स्नायू दंडाचे डोके बशीच्या मध्यावर ओढून धरतात. चुंबळ फाटली किंवा हे चार पहारेकरी थकले, की घागर डळमळू लागते.

फेकणाऱ्याच्या खांद्यावर किती ताण येतो, याचे मोजमाप शास्त्रज्ञांनी केले आहे. चेंडू फेकताना क्वार्टरबॅकचा दंड आपल्या अक्षाभोवती जेवढ्या वेगाने फिरतो तो वेग सेकंदाला सुमारे पाच हजार अंशांच्या घरात जातो. तोच वेग पूर्ण सेकंदभर टिकला असता तर दंडाचे जवळजवळ चौदा फेरे झाले असते. चेंडूही हलका नसतो. क्रिकेटचा चेंडू साडेपाच ते पावणेसहा औंस भरतो. हा चेंडू चौदा ते पंधरा औंस, म्हणजे सुमारे अडीचपट भरतो. आणि फेकण्याची क्रिया खांद्यापासून सुरू होते असे समजू नये. ती तळपायापासून सुरू होते. पाय, कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट अशी ती साखळी आहे, आणि यांतील एक कडी कच्ची झाली की तिचा भार पुढच्या कडीवर पडतो.

एवढे ध्यानात घेऊन आता आपल्या नायकाकडे वळू. त्याचे नाव अँड्र्यू लक. त्याचे वडील ऑलिव्हर लक हेही क्वार्टरबॅक होते. अँड्र्यू स्टॅनफर्ड विद्यापीठात वास्तुरचनेचा अभ्यास करत खेळला, आणि २०१२ साली इंडियानापोलिस शहराच्या कोल्ट्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला सर्वांत आधी उचलले. त्या शहराची त्या वेळची मनःस्थिती समजून घेतली पाहिजे. पेटन मॅनिंग हा त्यांचा थोर क्वार्टरबॅक मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा संपूर्ण हंगाम खेळू शकला नव्हता. तो पूर्वीसारखा होईल की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. संघाने मार्च २०१२ मध्ये त्याला मोकळे केले आणि तरुण लकला आणले. मॅनिंग डेन्व्हरला गेला, आणि तेथे पुढच्याच वर्षी, २०१३ च्या हंगामात, त्याने विक्रमी ५५ टचडाउन पास दिले. तेव्हा दुखावलेल्या देहाविषयी अंदाज बांधणे किती कठीण असते, याचा धडा त्या शहराने एकदा गिरवलेला होता. तो पुन्हा गिरवण्याची पाळी लवकरच आली.

पहिली तीन वर्षे लकने संघाला दरवर्षी बाद फेरीत नेले. २०१५ च्या सप्टेंबरात टेनेसीच्या संघाविरुद्ध खेळताना त्याचा उजवा खांदा दुखावला. दोन सामने बाहेर बसून तो परत आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मूत्रपिंडाला इजा झाली आणि हंगाम संपला. २०१६ साली संघाने त्याच्याशी सहा वर्षांचा, सुमारे १४ कोटी डॉलरचा करार केला. तो हंगाम तो दुखऱ्या खांद्यानेच खेळला. आठवड्यातल्या सरावाला पुष्कळदा विश्रांती देऊन तो सामन्यापुरता खांदा राखत असे. एवढे असूनही त्याने ३१ टचडाउन पास दिले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, ज्याचा खांदा एवढे करतो त्याला झाले आहे तरी काय? श्रोतेहो, आकड्यांना वेदना नसते, हे अशा वेळी आपण विसरतो.

जानेवारी २०१७ मध्ये लॅब्रमवर शस्त्रक्रिया झाली. ती कशी करतात हे थोडक्यात सांगतो. आज हे काम बहुधा दुर्बिणीने करतात. लहानशा छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारे आत घालतात, बशीच्या हाडात बारीक खुंट्या बसवतात, आणि त्या खुंट्यांना जोडलेल्या दोऱ्यांनी फाटलेले कडे पुन्हा हाडाशी बांधून टाकतात. काम अत्यंत कौशल्याचे आहे. परंतु दोरा कडे बरे करत नाही, तो ते फक्त जागेवर धरून ठेवतो. बरे करण्याचे काम शरीर करते. हाड आणि कडे यांच्यामध्ये नवा पेशीसमूह वाढावा लागतो, आणि तो पक्का होईपर्यंत सारा भार त्या दोऱ्यावर असतो. म्हणून आरंभीचे चार-सहा आठवडे हात झोळीत. त्यानंतर दुसऱ्याने हलवायचा, मग स्वतः हलवायचा, मग जोर वाढवायचा, आणि कित्येक महिन्यांनी दहा-वीस पावलांवर हलकेच चेंडू टाकून पाहायचा.

यात एक पेच आहे, आणि आमच्या मते साऱ्या अनिश्चिततेचे मूळ त्याच पेचात आहे. खांदा सैल बांधला तर तो पुन्हा डळमळेल. घट्ट बांधला तर फेकण्यासाठी हात जेवढा मागे जावा लागतो तेवढा जाणार नाही. तुमच्या-आमच्या खांद्याला हा पेच फारसा जाणवत नाही. फडताळातला डबा काढता आला, सदरा घालता आला, केस विंचरता आले, की शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे आपण म्हणतो, आणि ते बरोबरच असते. क्वार्टरबॅकला मात्र मोकळेपणा आणि पक्केपणा दोन्ही टोकाचे हवे असतात. शिवाय मनाचा भाग निराळाच. दीड वर्ष दुखऱ्या हाताने फेकणारा माणूस नकळत वेदना चुकवून फेकायला शिकतो. वेदना गेल्यावरही ती वळणे अंगात राहतात. शरीराने शिकलेली चुकीची सवय दुर्बिणीतून दिसत नाही आणि दोऱ्याने शिवता येत नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर संघाचे तत्कालीन मालक जिम अर्से यांनी जाहीर केले की, लक हंगामापर्यंत सज्ज होईल. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. म्हणजे तारीख दिली गेली. सप्टेंबर आला, लक मैदानावर नव्हता. ऑक्टोबरात त्याने सरावात थोडे फेकून पाहिले. खांदा पुन्हा दुखू लागला, इंजेक्शन द्यावे लागले, फेकणे थांबले. २ नोव्हेंबर २०१७ रोजी संघाने सांगितले की या वर्षी तो खेळणार नाही. त्यानंतर तो काही आठवडे उपचारांसाठी युरोपात, नेदरलँड्समध्ये जाऊन राहिला. संघ त्या वर्षी सोळांपैकी चारच सामने जिंकला आणि हंगाम संपताच प्रशिक्षक चक पगानो यांना निरोप देण्यात आला. एका माणसाच्या लॅब्रमची किंमत दुसऱ्याच्या नोकरीलाही मोजावी लागली, असे कोणी म्हटल्यास ते अगदीच खोटे ठरणार नाही.

त्या वर्षी इंडियानापोलिसमध्ये काय वातावरण असेल याची आपण कल्पना करू शकतो. खांदा गेला असे कोणी म्हणू लागले, डॉक्टर चुकले असे कोणी म्हणू लागले, आणि काहींना माणसाच्या मनातूनच खेळ उतरला आहे असे वाटू लागले. खरे उत्तर एवढेच होते की, अद्याप सांगता येत नाही. परंतु हे उत्तर ऐकून घेण्यास कोणीही तयार नसते. वर्तमानपत्राला ते छापता येत नाही, मालकाला त्यावर तिकिटे विकता येत नाहीत, आणि खुद्द खेळाडूला त्या उत्तराबरोबर रोज रात्री झोपावे लागते.

जून २०१८ मध्ये त्याने लोकांसमक्ष पुन्हा चेंडू फेकला. ९ ऑगस्ट २०१८ रोजी सिॲटल येथे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ एकोणीस महिन्यांनी, तो सामन्यात उतरला. तो सामना सरावाचा होता, पण पाहणाऱ्यांना तेवढ्यानेही हायसे वाटले असेल. तरीसुद्धा शंका फिटली नव्हती. सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या सामन्यात शेवटच्या क्षणी अतिलांब चेंडू फेकण्याची वेळ आली तेव्हा संघाने लकला बाहेर बोलावून जेकोबी ब्रिसेट या दुसऱ्या क्वार्टरबॅकला आत पाठवले. देशभर चर्चा झाली. पहिल्या सहा सामन्यांत पाच पराभव झाले. आणि त्यानंतर चित्र पालटले. त्या हंगामात लकने ३९ टचडाउन पास दिले, संघाने दहा सामने जिंकले, ह्यूस्टनला जाऊन बाद फेरीतील पहिला सामनाही जिंकला, आणि दुखापतीतून परतलेल्या खेळाडूंतला सर्वश्रेष्ठ म्हणून लकचा सन्मान झाला.

येथे गोष्ट संपवली असती तर ऐकणाऱ्यांना बरे वाटले असते. परंतु ती तेथे संपत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात पोटरी आणि घोटा दुखू लागला. पुन्हा उपचार, पुन्हा व्यायाम, पुन्हा तारखा. २४ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाची तिशीही पुरी झाली नसताना, लकने निवृत्ती जाहीर केली. दुखापत, वेदना, उपचार आणि पुन्हा दुखापत या चक्राने खेळातला आनंद हिरावून नेला, असे त्याने सांगितले. २०१६ साली दुखणे दाबून खेळल्यानंतर त्या वाटेला पुन्हा जायचे नाही असे त्याने स्वतःशी ठरवले होते, हेही त्याने सांगितले. पुढच्या वर्षांचे कोट्यवधी डॉलर सोडून तो बाहेर पडला. खांदा बरा झाला होता, तरी माणसाचे पुरे झाले होते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. ते याच्याही आधीचे आहे. ३१ डिसेंबर २००५ रोजी सॅन डिएगो संघाचा ड्रू ब्रीझ याचा उजवा खांदा निखळला. लॅब्रम सगळीकडून फाटले आणि रोटेटर कफलाही इजा झाली. काही दिवसांतच अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी शस्त्रक्रिया केली. ऐकणाऱ्याला ही दुखापत लकच्या दुखापतीपेक्षा भीषण वाटेल. ब्रीझचा करार संपत आला होता. त्याचा जुना संघ पूर्ण भरवशाची रक्कम देण्यास तयार होईना. मायामीच्या संघाला तो हवा होता, पण तेथील डॉक्टरांना खांद्याची खात्री वाटेना. म्हणून मायामीने गुडघा दुखावलेल्या डाँटे कलपेपर याला घेतले. उरला न्यू ऑर्लिन्सचा सेंट्स संघ. २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळाने ते शहर बुडाले होते, संघाला त्या वर्षी घरचे मैदानही उरले नव्हते. त्या संघाने दुखऱ्या खांद्याच्या माणसावर विश्वास टाकला.

शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांनी, सप्टेंबर २००६ मध्ये, ब्रीझ हंगामाच्या पहिल्याच सामन्यापासून खेळला. फेकलेल्या यार्डांत तो त्या वर्षी सर्वांच्या पुढे होता. ७ फेब्रुवारी २०१० रोजी न्यू ऑर्लिन्सने अंतिम विजेतेपद मिळवले, आणि हरलेला संघ होता इंडियानापोलिसचा. मायामीने घेतलेला कलपेपर २००६ साली चारच सामने खेळू शकला. ब्रीझ २०२० च्या हंगामापर्यंत खेळत राहिला.

यावरून मायामीचे डॉक्टर अडाणी होते, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो अन्यायाचा होईल. शंभर माणसांपैकी थोडीच माणसे अशा दुखापतीतून पूर्ण सावरतात असे डॉक्टर म्हणतो, तेव्हा तो शंभरांविषयी खरे बोलत असतो. समोर बसलेला माणूस त्या थोड्यांपैकी आहे की उरलेल्यांपैकी, हे त्याला दिसत नसते. एकाला आठ महिने लागले, दुसऱ्याला एकोणीस. दुसऱ्याने आधी दीड वर्ष दुखावलेल्या खांद्याने काम रेटले, हे एक कारण असू शकेल. वय, अंगकाठी, मूळ ठेवण, व्यायामातली घाई, अशी आणखीही असतील. पण ही सारी कारणे आपल्याला मागाहून सुचतात. आधी कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याच्या विद्येपेक्षा त्याच्या धाडसाचेच कौतुक करावे लागेल.

मग या अनिश्चिततेचा भार कोणी वाहायचा? हा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मालकाने पैसा गुंतवलेला असतो. डॉक्टराची कीर्ती पणाला लागलेली असते. प्रशिक्षकाची नोकरी असते. हे तिघेही आपापला भार हलका करण्यासाठी तारीख सांगतात किंवा मागतात. ती तारीख टळली की तिचे सारे ओझे शेवटी ज्याचा खांदा दुखतो त्याच्याच खांद्यावर येऊन पडते. तो दिलेला शब्द मोडणारा ठरतो, वस्तुतः तो शब्द पुष्कळदा त्याने दिलेलाच नसतो.

आणि आपण प्रेक्षक? आपला यात काही वाटा आहे की नाही? लकच्या निवृत्तीची बातमी २४ ऑगस्टच्या सराव-सामन्याच्या वेळीच बाहेर फुटली. इंडियानापोलिसच्या मैदानात बसलेल्या लोकांनी ती आपापल्या फोनवर वाचली. लक खेळत नव्हता, साध्या कपड्यांत कडेला उभा होता. सामना संपून तो आत जाऊ लागला तेव्हा त्याच्याच गावच्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. ती ऐकू आली आणि लागली, असे त्याने त्याच रात्री कबूल केले.

परक्या देशातल्या प्रेक्षकांना नावे ठेवण्याची घाई मात्र आपण करू नये. मार्च २००६ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद झाला. परतताना घरच्या प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. आदल्या वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झालेली होती, आणि या कसोटीनंतर थोड्याच दिवसांत तो खांद्यावरील शस्त्रक्रियेसाठी लंडनला गेला. तो संपला, असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. सप्टेंबरात तो परतला आणि क्वालालंपूर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने नाबाद १४१ धावा केल्या. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक त्याच खांद्याने काढले. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवरच लोकांनी साश्रुनयनांनी त्याला निरोप दिला. हुर्यो करणाऱ्यांपैकी काहीजण त्या निरोपालाही हजर असतील, आणि त्यांचेही डोळे पाणावले असतील. प्रेक्षक दुष्ट असतो असे आमचे म्हणणे नाही. त्याला थांबण्याची सवय नसते, इतकेच. आणि पुढे तेंडुलकर यशस्वी झाला म्हणून ती हुर्यो चुकीची होती, असेही नव्हे. तो पुन्हा कधीच उभा राहिला नसता, तरीसुद्धा ती चुकीचीच ठरली असती.

श्रोतेहो, हा सारा प्रपंच आम्ही नामांकित खेळाडूंसाठी केलेला नाही. त्यांच्यापाशी पैसा आहे, उत्तम डॉक्टर आहेत, एकोणीस महिने थांबण्याची ऐपत आहे. बाजार समितीत पोती वाहणाऱ्या हमालाचा खांदाही त्याच बशीचा आणि त्याच चुंबळीचा बनलेला असतो. रंगारी दिवसभर हात डोक्यावर धरून काम करतो, धुणे पिळणारी बाई दहा घरी जाते, त्यांचाही रोटेटर कफ चार स्नायूंचाच असतो. त्यांच्या बाबतीत 'बरा कधी होणार' हा प्रश्न दुसऱ्या रूपात येतो : कामावर कधी येणार? आणि तारीख टळली की तेथे हुर्यो होत नाही, दुसरा माणूस ठेवला जातो. असा मनुष्य मग झोळी आठवडाभर आधीच काढतो, दुखणे लपवतो, आणि दोऱ्याने धरलेले कडे पक्के होण्यापूर्वीच त्यावर पोते चढवतो. लकने २०१६ साली जे केले ते आपल्या अवतीभवती रोज घडत आहे. फरक एवढाच की त्याची बातमी होत नाही.

तेव्हा करायचे काय? आमच्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली ही की, डॉक्टराला तारीख विचारण्याऐवजी टप्पे विचारावेत. हात कुठवर वर जाऊ लागला म्हणजे पुढचा व्यायाम सुरू करायचा, किती दुखले तर थांबायचे, या प्रश्नांना खरी उत्तरे असतात. शरीर तारीख पाळत नाही, टप्पे मात्र पाळते. दुसरी सूचना रोग्याच्या घरच्यांना. 'अजून किती दिवस?' असे विचारण्याऐवजी 'आज काल-परवापेक्षा काही निराळे वाटते का?' असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाने माणूस खोटे बोलायला शिकतो. दुसऱ्याने स्वतःच्या देहाकडे लक्ष द्यायला शिकतो. तिसरी सूचना मालकांना. दुखावलेल्या माणसाला अर्धे किंवा हलके काम देऊन त्याची जागा राखून ठेवणे ही मेहेरबानी समजू नये. ज्या कामात त्याचा खांदा झिजला त्या कामाचीच ती उरलेली मजुरी आहे.

अँड्र्यू लक २०२४ च्या नोव्हेंबरात स्टॅनफर्ड विद्यापीठात परतला, तेथील फुटबॉल विभागाचा सर्वाधिकारी म्हणून. चेंडू फेकण्याची जबाबदारी आता दुसऱ्यांची आहे. ज्या तरुणांचे खांदे त्याच्या देखरेखीखाली आहेत त्यांच्यापैकी एखादा दुखावलेला मुलगा उद्या त्याच्यापुढे येऊन बसेल. त्याला लक काय सांगेल हे आम्ही सांगू शकत नाही. आपल्यापुढे असा कोणी येऊन बसला, तर 'अद्याप सांगता येत नाही, पण तोवर तुझी जागा तुझीच आहे' एवढे म्हणण्याचे धैर्य आपल्याला यावे, इतकीच आमची इच्छा आहे.